सुताराच्या मुलाचे घड्याळ
(दहावी, मार्च १९८६ची तुकडी)



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा निरोप आला, तेव्हा आधी मला हसूच आले. आपल्या वर्गातले कोणी इंजिनियर झाले, कोणी शिक्षक, कोणी तहसील कचेरीत गेले, दोघे-तिघे पोलिसांत. मी इंग्रजीत एकदा आपटलो, दुसऱ्यांदा काठावर निघालो आणि नागपूरला एका घड्याळजीच्या हाताखाली बसलो. आज स्वतःचे लहानसे दुकान आहे. डोळ्याला भिंग आणि हातात चिमटा, यातच पस्तीस वर्षे गेली. गेल्या दोन मेळाव्यांना मी आलो नाही, त्याचे कारण कामाचा व्याप असे मी कळवले होते. खरे कारण तुमच्यापैकी काहींना ठाऊक आहे. आपण काय झालो हे सांगायची पाळी आली की मला खाली बघावेसे वाटायचे.

या वेळी येतो आहे. त्याआधी एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. तो जाऊन अडीचशे वर्षे होत आली, पण त्याचे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते आपल्या शाळेच्या मैदानावर.

नववीतला एप्रिल होता. भूगोलाच्या सरांनी मैदानाच्या मधोमध बांबूची काठी उभी रोवली होती. साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी आपण एकेक खडा ठेवत होतो. डोके तापले होते, किल्ल्याचा डोंगर पांढरट दिसत होता, आणि मागच्या रांगेतले कडुलिंबाच्या सावलीत सरकले होते. सावली सर्वांत आखूड झाली तेव्हा सरांनी मनगटावरचे एचएमटी जनता पुढे केले. त्यात बारा वाजून अकरा मिनिटे झाली होती. आपल्याला वाटले, घड्याळ पुढे आहे. सर म्हणाले की घड्याळही बरोबर आहे आणि सूर्यही बरोबर आहे. साऱ्या देशाची घड्याळे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर लावलेली आहेत. आपण त्या रेषेच्या पश्चिमेला पावणेतीन अंशांहून थोडे जास्त आहोत. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. म्हणून आपली खरी दुपार अकरा मिनिटे उशिरा होते. सूर्य वर्षभरात घड्याळाच्या थोडा मागेपुढे होत असतो, पण एप्रिलच्या मध्यावर तो फरक जवळजवळ शून्य असतो. सरांनी तो दिवस मुद्दाम निवडला होता, हे मला फार पुढे कळले.

मग सरांनी गोष्ट उलटी केली. आपण कुठे आहोत हे माहीत नसेल, पण मिर्झापूरची वेळ दाखवणारे घड्याळ जवळ असेल, तर काठीच्या सावलीवरून आपण किती अंश पश्चिमेला आलो ते काढता येईल. समुद्रावरच्या खलाशांना हेच हवे होते. उत्तर-दक्षिण ठिकाण सूर्य आणि ध्रुवतारा सांगायचे. पूर्व-पश्चिम मात्र घड्याळ सांगू शकत होते, आणि डोलणाऱ्या जहाजावर नीट चालेल असे घड्याळ जगात नव्हते. ते एका सुताराच्या मुलाने केले, त्याचे नाव जॉन हॅरिसन, एवढे सांगून सरांनी तास संपवला.

मी सरांच्या मागे लागलो की घड्याळ आतून बघायचे आहे. त्यांनी ते एका रात्रीसाठी माझ्या हातात ठेवले. घरी कंदिलाच्या उजेडात मी दाढीच्या पात्याने झाकण उघडले. नुसते बघायचे म्हणता म्हणता एक स्क्रू काढला, मग दुसरा. एक बारीक स्प्रिंग उडाली ती अंगणात शोधत मध्यरात्र झाली. सकाळी सगळे तुकडे आगपेटीत घालून सरांपुढे धरले. ते रागावले नाहीत. आगपेटी त्यांनी परत माझ्याच हातात दिली आणि ठेव म्हणाले. त्या वर्षभर सर घड्याळाविना वर्गावर आले. तास संपल्याची घंटा झाली की ते रिकाम्या मनगटाकडे बघायचे आणि मी पुस्तकाकडे.

त्या आगपेटीने मला धंद्याला लावले. आणि धंद्यात आल्यावर त्या सुताराच्या मुलाबद्दल जे मिळेल ते मी वाचत, ऐकत गेलो.

हॅरिसनचा जन्म २४ मार्च १६९३चा, इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या फाउल्बी नावाच्या खेड्यातला. बाप सुतार. पुढे कुटुंब हंबर खाडीजवळच्या बॅरो या गावी राहायला गेले. १७००च्या सुमारास इकडे देवगडच्या गोंड राजाचा, बख्त बुलंदचा, सरदार राजाखान पठाण आपला आंबागडचा किल्ला बांधत होता. म्हणजे आपल्या बुरुजांचे दगड चढत होते तेव्हा हा पोरगा बापाच्या रंध्याखालच्या ढलप्या वेचण्याच्या वयाचा होता. शिक्षण म्हणावे असे त्याचे झाले नाही. गावात आलेल्या एका पाद्र्याने त्याला केंब्रिजच्या सॉन्डरसन नावाच्या अंध प्राध्यापकाच्या यंत्रशास्त्रावरील व्याख्यानांची हस्तलिखित प्रत वाचायला दिली. या मुलाने ती आकृत्यांसकट अक्षर न् अक्षर उतरवून काढली आणि पुढे आयुष्यभर जपली. परत द्यायचे पुस्तक उतरवून घेणारी मुले आपल्याही वर्गात होती. ती आता आजी-आजोबा झाली आहेत, पण वह्या अजून जपून असतील.

विसाव्या वर्षी, १७१३ मध्ये, त्याने पहिले घड्याळ केले. जवळजवळ सगळे लाकडाचे. चाके ओकच्या लाकडाची, धुरे बॉक्सवुडचे. घड्याळजीकडे तो कधी शिकला नव्हता, म्हणून त्याने हाताला माहीत असलेली वस्तू वापरली. १७२२च्या सुमारास जवळच्या ब्रॉकल्सबी पार्क या वाड्यासाठी त्याने मनोऱ्यावरचे घड्याळ केले. त्या काळचे वंगण थंडीत घट्ट व्हायचे, धूळ धरायचे, आणि घड्याळ मागे पडायचे. सगळे घड्याळजी चांगले तेल शोधत होते. हॅरिसनने तेलच काढून टाकले. लिग्नम व्हायटी नावाच्या लाकडात अंगचाच तेलकटपणा असतो. त्याची बेअरिंगे करून त्याने असे घड्याळ उभे केले की त्याला वंगण लागत नाही. बैलगाडीच्या आसाला वंगण घालत मोठ्या झालेल्या आपल्यासारख्यांना यातली गंमत कळेल. तीनशे वर्षे झाली, ते घड्याळ अजून तिथे चालते आहे.

मग धाकटा भाऊ जेम्स याला सोबत घेऊन त्याने उभी लंबकाची घड्याळे केली. उन्हाळ्यात लंबकाची दांडी लांबते आणि घड्याळ मागे पडते, हिवाळ्यात उलटे. पितळ पोलादापेक्षा जास्त लांबते. म्हणून त्याने पितळ आणि पोलाद यांच्या नऊ दांड्यांची जाळी अशी बसवली की एकीचे लांबणे दुसरीने पुसून टाकावे. घड्याळ तपासायला वेधशाळा नव्हती. तेव्हा त्याने घराची खिडकी आणि शेजाऱ्याचे धुराडे धरले. रात्री ठराविक तारा त्या धुराड्याआड गेला की वेळ टिपायची. तारा रोज ३ मिनिटे ५६ सेकंद आधी जातो, हे ठरलेले आहे. घड्याळ त्याहून किती वेगळे बोलले ते वहीत लिहायचे. असे रात्रीमागून रात्री. १७२८च्या आसपास त्याची घड्याळे महिन्याला एखाद्या सेकंदाच्या आत राहू लागली होती. त्या वेळी चांगले म्हणवले जाणारे घड्याळ दिवसाला इतके चुकायचे.

आता समुद्राकडे. १७०७ मध्ये इंग्रज आरमाराची चार जहाजे सिली बेटांच्या खडकांवर आपटली. हजाराहून कितीतरी जास्त माणसे एका रात्रीत बुडाली. आपण कुठे आहोत याचा अंदाज चुकला होता. अशा दुर्घटना पाहून १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला. लांबच्या सफरीअखेर अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगणाऱ्या पद्धतीला २०,००० पौंडांचे बक्षीस. अर्धा अंश म्हणजे घड्याळाची दोन मिनिटे, आणि विषुववृत्तावर सुमारे ५५ किलोमीटर. आंबागडाहून निघालेला माणूस भंडाऱ्याच्याही पुढे निघून जाईल एवढी चूक त्यात माफ होती, तरी ते कोणाला जमत नव्हते. खुद्द न्यूटनने समितीपुढे सांगितले होते की जहाजाचे हेलकावे, उष्णता, थंडी आणि दमटपणा सोसणारे घड्याळ अजून कोणी केलेले नाही. विद्वानांचा भरवसा आकाशावर होता. चंद्र ताऱ्यांपासून किती अंतरावर आहे ते मोजायचे आणि गणित करून वेळ काढायची.

१७३० मध्ये हॅरिसन आपली चित्रे घेऊन लंडनला गेला. धूमकेतूवाले हॅली तेव्हा राजज्योतिषी होते. त्यांनी त्याला जॉर्ज ग्रॅहम या नामांकित घड्याळजीकडे पाठवले. ग्रॅहमने खेड्यातून आलेल्या या सुताराचे दिवसभर ऐकून घेतले आणि पैसेही उसने दिले. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. आमच्या धंद्यात दुसऱ्याची युक्ती ऐकून पैसे देणारे थोडे असतात.

पाच वर्षांत पहिले सागरी घड्याळ तयार झाले, सुमारे ३४ किलो वजनाचे. लंबकाऐवजी त्यात दोन मोठे दांडे होते, एकमेकांना जोडलेले. जहाज कलले की एकाला बसणारा धक्का दुसरा परतवायचा. १७३६ मध्ये ते घेऊन हॅरिसन लिस्बनला गेला. त्याला बोट लागून तो बेजार झाला, पण घड्याळाला बोट लागली नाही. परतताना किनारा दिसला तेव्हा जहाजावरचे जाणकार म्हणाले, हा स्टार्ट नावाचा भूभाग. हॅरिसन म्हणाला, नाही, हा लिझर्ड, आपण सुमारे ६० मैल पश्चिमेला आहोत. त्याचेच खरे निघाले.

आणि इथे या माणसाचा स्वभाव दिसतो. पुढच्या वर्षी रेखांश मंडळापुढे उभे राहून त्याला मोठ्या सफरीची चाचणी मागता आली असती. मंडळ खूष होते. पण त्याने स्वतःच आपल्या घड्याळातले दोष सांगितले आणि दुसरे करायला पैसे मागितले. दुसरे झाले. त्याचे वजन ३९ किलो. ते पाठवण्याआधीच त्याला कळले की जहाज एका बाजूला झपकन वळले तर त्या दांड्यांचा ठेका बिघडतो. दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आले नसते. त्याने ते समुद्रावर पाठवलेच नाही आणि तिसरे करायला घेतले.

तिसऱ्याने १९ वर्षे खाल्ली. ७५३ तुकडे. त्यासाठी त्याने पितळ आणि पोलादाच्या दोन पट्ट्या एकमेकींना पक्क्या जोडल्या. तापली की ती जोडपट्टी वाकते आणि घड्याळाची चूक आपोआप सुधारते. तुमच्या घरची इस्त्री तापून आपोआप बंद होते ती याच युक्तीने. चाकाचे घर्षण कमी करायला त्याने पिंजऱ्यात बसवलेले रूळ शोधले. आजच्या मोटारींतल्या बेअरिंगांचे ते पणजोबा. जगाला दोन वस्तू मिळाल्या, पण घड्याळ त्याच्या मनासारखे होईना. चाळिशीत उमेदीने लंडनला आलेला माणूस साठी ओलांडून गेला. मंडळाकडे पुन्हा पुन्हा पैसे मागायला जायचे आणि अजून थोडे बाकी आहे म्हणायचे. लोक काय बोलत असतील याची मला कल्पना आहे.

वाट सापडली ती भलत्याच ठिकाणी. १७५३ मध्ये त्याने जॉन जेफरीज नावाच्या कारागिराकडून स्वतःच्या खिशासाठी एक घड्याळ आपल्या आराखड्याप्रमाणे करवून घेतले. ते अपेक्षेपेक्षा फारच चांगले चालले. तेव्हा त्याला उमगले की जड यंत्राला हेलकाव्यांपासून जपत बसण्यापेक्षा लहान आणि वेगाने फिरणारे बॅलन्सचे चाक घ्यावे. ते इतक्या जलद आणि जोरात हालते की जहाजाच्या मंद हेलकाव्याची त्याला फारशी दखलच लागत नाही. वीस वर्षांचे काम बाजूला सारून, आपण चुकीच्या बाजूने चाललो होतो हे मान्य करायला किती बळ लागते! १७५९ मध्ये चौथे घड्याळ तयार झाले. १३ सेंटिमीटर व्यासाचे, दीड किलोहून थोडे कमी. मोठ्या बशीएवढे. सेकंदाला पाच ठोके. आत हिऱ्याचे बारीक तुकडे आणि माणकांची बेअरिंगे. आणि ज्याने जन्मभर तेल टाळले त्याने या घड्याळासाठी तेलही स्वीकारले.

१७६१च्या नोव्हेंबरात मुलगा विल्यम ते घेऊन डेप्टफर्ड जहाजावरून जमैकाला निघाला. हॅरिसन ६८ वर्षांचा होता. वाटेत पिण्याची बिअर खराब झाली, मदेरा बेट गाठणे निकडीचे झाले. कप्तानाचा हिशेब एक आणि विल्यमचा वेगळा. विल्यमने सांगितले, आहे याच वाटेने चला. दुसऱ्या दिवशी बेट समोर. जमैकाला तपासणी झाली तेव्हा ८१ दिवसांत घड्याळाची चूक निघाली ५ सेकंदांच्या आसपास.

हा पाचाचा आकडा समजायला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल, कारण लेखाचे सारे मर्म त्यातच आहे. कुठलेही घड्याळ चुकतेच. लोक मला विचारतात, अगदी बरोबर चालेल ना? मी म्हणतो, नाही. पण रोज सारखेच चुकेल. दिवसाला १० सेकंद पुढे जाणारे घड्याळ रोज १० सेकंदच पुढे जात असेल, तर ते अचूकच आहे. ३० दिवसांनी ३०० सेकंद वजा करा, झाले. पण आज ५ सेकंद पुढे, उद्या ७ सेकंद मागे, असे घड्याळ जहाज बुडवील. हॅरिसनच्या घड्याळाची रोजची चूक आधी मोजलेली होती. ती वजा केल्यावर उरलेली लबाडी ती ५ सेकंदांची.

मंडळाने हरकत घेतली ती नेमकी इथे. रोजची चूक निघण्यापूर्वी लेखी का जाहीर केली नाही? शिवाय जमैकाचा रेखांशच पक्का ठाऊक नाही, तर ताळा कशाशी घालायचा? आणि एकदा जमले ते नशिबानेही असेल. हॅरिसनला राग आला. पण मी त्याच्या बाजूचा असूनही म्हणेन, प्रश्न बरोबर होते. १७६४ मध्ये पुन्हा चाचणी झाली, बार्बाडोसला. या वेळी विल्यमने रोजची चूक आधी लिहून दिली. ४७ दिवसांच्या सफरीत तफावत आली ३९ सेकंदांची, म्हणजे १० मैलांच्या आत. कायद्याने मागितले होते त्याच्या तिप्पट चांगले.

तरी बक्षीस मिळाले नाही. १७६५ मध्ये नवा कायदा आला. घड्याळ उघडून सगळी रचना सांगा, चारही घड्याळे सरकारजमा करा, तर निम्मी रक्कम. बाकीची, दुसऱ्या कोणाला तसेच घड्याळ करता आले तर. त्याच वर्षी नेव्हिल मॅस्केलिन राजज्योतिषी झाले. ते चंद्राच्या पद्धतीचे कैवारी आणि आता मंडळावरही. त्यांना खलनायक करणे सोपे आहे. पण त्यांची पंचांगे कोणालाही विकत घेता येत होती, आणि हॅरिसनचे घड्याळ जगात एकच होते. एकाच माणसाच्या हातून होणारी वस्तू साऱ्या आरमाराच्या काय कामाची, हा प्रश्न आपल्यालाही टाळता येत नाही.

१७६५च्या ऑगस्टमध्ये ७२ वर्षांच्या हॅरिसनने आपल्या घरी सहा जाणकारांसमोर ते घड्याळ तुकडा तुकडा सोडवून समजावून सांगितले. मी आगपेटीत तुकडे भरले होते ते अज्ञानाने. त्याने सोडवले ते तीस वर्षांची मेहनत परक्यांच्या हाती देण्यासाठी. पुढे मॅस्केलिन यांनी ते ग्रीनिचला दहा महिने तपासले आणि भरवशाचे नाही असा निकाल दिला. तपासणी नीट झाली नाही, असे हॅरिसनचे म्हणणे. घड्याळ त्याच्या ताब्यात परत आले नाही.

डोळे अधू झालेले, हात पूर्वीसारखे स्थिर नाहीत, अशा वयात त्याने पाचवे केले. शेवटी बापलेकांनी तिसऱ्या जॉर्ज राजापुढे गाऱ्हाणे मांडले. राजाने १७७२ मध्ये ते आपल्या रिचमंडच्या वेधशाळेत दहा आठवडे स्वतः तपासले. चूक दिवसाला सेकंदाच्या एक तृतीयांश भागाच्या आत. १७७३ मध्ये संसदेने ८,७५० पौंड दिले. तो ८० वर्षांचा होता. ते मूळचे बक्षीस मात्र त्याला किंवा दुसऱ्या कोणालाही, त्या नावाने कधीच मिळाले नाही.

पण खरा निकाल समुद्रावर लागत होता. त्या सहा जाणकारांपैकीच एक, लार्कम केंडल, याने चौथ्या घड्याळाची हुबेहूब नक्कल केली होती. त्याला ४५० पौंड मिळाले. ती घेऊन कप्तान कुक १७७२ ते १७७५ दक्षिणेच्या बर्फापासून पॅसिफिकच्या उष्ण बेटांपर्यंत फिरून आला आणि तिची तारीफ करत परतला. म्हणजे दुसऱ्याला करता येते हेही सिद्ध झाले. हे ऐकायला हॅरिसन हयात होता. २४ मार्च १७७६ रोजी, ज्या तारखेला जन्म त्याच तारखेला, तो लंडनच्या राहत्या घरी वारला.

त्याच्यामागून आलेल्या अर्नॉल्ड आणि अर्नशॉ यांनी रचना सोपी केली, किंमत उतरवली. जहाजावर तरत्या चौकटीच्या पेटीत क्रोनोमीटर ठेवणे रिवाज झाला. १८३१ मध्ये डार्विन ज्या बीगल जहाजावर होता, त्यावर २२ क्रोनोमीटर होते. आपल्या मुंबईला १८२६ मध्ये कुलाब्याची वेधशाळा उभी राहिली. तिच्याकडचे एक काम म्हणजे ताऱ्यांचे वेध घेऊन बंदरातल्या जहाजांसाठी अचूक वेळ ठरवणे. बॅरोच्या खिडकीतून धुराड्याआड तारा बघणाऱ्या माणसाचेच ते काम, मोठ्या इमारतीत.

त्याची मूळची घड्याळे विसरली गेली होती. १९२० मध्ये रूपर्ट गूल्ड या आरमारी अधिकाऱ्याला ती ग्रीनिचला गंजलेल्या, मळलेल्या अवस्थेत सापडली. त्याने पुढची कित्येक वर्षे ती साफ करण्यात आणि चालू करण्यात घालवली. आज पहिली तीन ग्रीनिचच्या संग्रहालयात टिकटिकत असतात. चौथे मात्र मुद्दाम बंद ठेवतात. त्याला तेल लागते, चालवले तर झिजेल.

हे सगळे आता लिहायला निमित्त झाले एका गिऱ्हाइकाचे. दोनेक वर्षांपूर्वी एक तरुण माझ्या दुकानात मनगटी घड्याळाचा पट्टा बदलायला आला. घड्याळ युलिस नार्डिनचे, तबकडीवर नांगराची खूण, किंमत लाखांत. ही स्विस कंपनी १८४६ची. जहाजांच्या क्रोनोमीटरसाठी तिचे नाव झाले. पांढरी तबकडी, उभे रोमन आकडे, सहाच्या जागी सेकंदाची छोटी तबकडी आणि बाराच्या जागी चावी किती उरली ते दाखवणारा काटा. त्याला ते छान दिसते म्हणून आवडले होते. मी त्याला सांगितले की ही सजावट नाही. क्रोनोमीटरला रोज ठराविक वेळी चावी द्यावी लागे. विसरले आणि ते थांबले, तर जहाजाकडची ग्रीनिचची वेळ गेली, भर समुद्रात ती पुन्हा मिळायची कुठून? म्हणून तो काटा सर्वांत वर, डोळ्यांसमोर. तुझ्या मनगटावर त्या भीतीची आठवण आहे. पोरगा तासभर बसला. पट्ट्याचे पैसे घ्यायचे मीच विसरलो.

तो गेल्यावर मला सर आठवले.

आगपेटीची गोष्ट राहिलीच. धंदा शिकून बारा वर्षे झाल्यावर मी ते एचएमटी पुन्हा जुळवले. हरवलेली स्प्रिंग दुसऱ्या जनता घड्याळातून घेतली. सर निवृत्त होऊन तुमसरला राहत होते. घड्याळ त्यांच्या हातात ठेवले तेव्हा मी माफी मागायची वाक्ये पाठ करून गेलो होतो. त्यांनी घड्याळ कानाला लावले आणि एकच विचारले, दिवसाला किती चुकते? मी म्हणालो, ४० सेकंद पुढे, अजून थोडे सरळ करून देतो. ते म्हणाले, रोज ४०च ना? मग हात लावू नकोस.

त्यानंतर ते दर सकाळी सात वाजता रेडिओच्या ठोक्याशी घड्याळ ताडून पाहत आणि फरक वहीत लिहीत. गेल्या वर्षी सर गेले. त्यांच्या मुलीने घड्याळ आणि त्या वह्या माझ्याकडे पाठवल्या. पानोपानी तारीख आणि आकडा. ३९, ४०, ४०, ४१. मध्ये एके ठिकाणी, मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी, जागा कोरी.

मी काय झालो, हे मला आता सांगता येईल असे वाटते. मी कुठे चुकलो ते मला माहीत आहे, आणि त्यानंतर मी रोज सारखा चाललो.

मेळाव्याला मी ते घड्याळ घेऊन येतो आहे. संयोजकांना विनंती आहे की मैदानाच्या मधोमध एक बांबूची काठी रोवून ठेवावी आणि जेवणाची पंगत थोडी उशिरा बसवावी. साडेअकराला सगळे खडे घेऊन या. सूर्याचा त्या दिवसाचा फरक आणि घड्याळाचा हिशेब मी काढून आणतो. मागच्या रांगेतल्यांनी या वेळी तरी कडुलिंबाखाली पळू नये.